आधी विचारपूस, मग ठराव

वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या, सिडकोने बांधलेल्या जेएन-१, जेएन-२ इमारतींचे दुखणे जुने आहे. छताला ओल धरते, रंगाला फुगे येतात, प्लास्टर पडून गंजलेल्या सळया दिसू लागतात. अशा इमारतींचा पुनर्विकास नियमांत आणि पैशांत अडतो, तसाच तो माणसांच्या बोलण्यातही अडतो. सर्वसाधारण सभेत एक बाजू ‘इमारत धोक्यात आहे’ म्हणते, दुसरी ‘घर सोडणार नाही’ म्हणते. मग यांना ते आडमुठे वाटतात आणि त्यांना हे बिल्डरचे हस्तक. अशा वेळी सहानुभूती हवी, हे कोणीही मान्य करील. पण दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून ती येत नाही. त्यासाठी त्याला विचारावे लागते.

ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली २५ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. समोरच्याच्या नजरेतून पाहायला सांगितलेल्यांचे अंदाज अधिक अचूक निघाले नाहीत. त्याच्याशी बोलून माहिती घेतल्यावर मात्र समज सुधारली. सोसायटीतही हेच होते. विरोध करणाऱ्या वृद्ध सभासदाला ‘बदल नको’ असेल, असे आपण धरून चालतो. विचारले तर कळेल की, बांधकाम चालू असताना बिल्डरने पर्यायी घराचे भाडे मध्येच थांबवले तर जायचे कुठे, ही त्याची खरी धास्ती आहे. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: विचारपूस.

कोणी म्हणेल, ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के संमती पुरते, मग एकेकाची मनधरणी कशाला? बहुमताने ठराव होतो, पण घरे रिकामी व्हायला हवीत आणि न्यायालयाची वाट प्रत्येकाला मोकळी असते. ऐकून घेणे म्हणजे नमते घेणे, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. धास्ती भाडे बुडण्याची आहे हे कळले, तर बोलणे बँक हमीच्या अटींवर येते. मागणी अवाजवी असेल, तर तीही उघड होते. इमारत धोकादायक असेल तर टेकू लगेच लावावेत. त्यासाठी विचारपूस संपण्याची वाट पाहू नये.

म्हणून पुढच्या सभेआधी कार्यकारिणीच्या सदस्यांनी विरोध असलेल्या घरी जावे. ‘तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते?’ एवढेच विचारावे, उत्तर लिहून घ्यावे आणि ‘बरोबर लिहिलंय ना?’ म्हणून वाचून दाखवावे. त्यांनी हो म्हटल्यावरच ठरावाचा मसुदा हाती घ्यावा.