जहाज एकाचे, ध्वज दुसऱ्याचा

निपाणी आणि बेळगाव हा परिसर सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रापासून दूर आहे. तरीही येथील एखादा तरुण व्यापारी जहाजावरील नोकरीच्या करारावर सही करतो, तेव्हा त्यात कोमोरोस, सेंट किट्स किंवा मार्शल बेटे असे अपरिचित नाव आढळते. जहाजाचा मालक ग्रीसचा, माल अरबस्तानचा, खलाशी भारताचे आणि नोंदणी मात्र महासागरातील एखाद्या बेटावर, असा हा व्यवहार असतो. तो समजून घेणे खलाशांच्या कुटुंबीयांना उपयुक्त ठरेल.

आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार प्रत्येक जहाजास कोणत्यातरी एका देशाचे राष्ट्रीयत्व असावे लागते. ज्या देशाच्या दप्तरी जहाजाची नोंद असते, त्याचा ध्वज त्यावर फडकतो आणि खोल समुद्रात त्याच देशाचा कायदा जहाजावर चालतो. जहाजाची तपासणी, खलाशांचे पगार व सुरक्षितता यांची जबाबदारीही त्याच देशावर येते. गावचे दप्तर कोणत्या राज्याकडे आहे, यावर दैनंदिन व्यवहारातील किती गोष्टी अवलंबून असतात, हे सीमाभागातील वाचकांना निराळे सांगावयास नको. गावाला जागा सोडता येत नाही. जहाजाला मात्र नोंदणी बदलण्यास काही कागदपत्रे आणि शुल्क पुरेसे होते.

या प्रथेची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत दारूबंदी होती. उतारूंना मद्य देता यावे म्हणून काही अमेरिकन जहाजे १९२२ मध्ये पनामाच्या ध्वजाखाली नेण्यात आली. पुढे कमी कर, स्वस्त मनुष्यबळ आणि सैल नियम ही कारणे जोडली गेली. १९४८ मध्ये लायबेरियाने आपली नोंदणी खुली केली. आज जगातील जहाजांच्या एकूण भारवाहक क्षमतेचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग लायबेरिया, पनामा व मार्शल बेटे या तीनच देशांच्या ध्वजाखाली आहे. यांपैकी मार्शल बेटांची भूमी अवघी १८१ चौरस किलोमीटर असून २०२१ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे ४२ हजार होती, म्हणजे बेळगाव शहराच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. या देशाच्या जहाजनोंदणीचे प्रत्यक्ष कामकाज अमेरिकेतील एक खाजगी कंपनी पाहते. नोंदणीचे शुल्क हे अशा छोट्या देशांचे उत्पन्नाचे साधन असते.

असा प्रत्येक ध्वज वाईट असतो, असे मात्र नाही. बंदरांवरील तपासणीच्या निष्कर्षांवरून युरोपातील यंत्रणा ध्वजांच्या पांढऱ्या, करड्या व काळ्या याद्या प्रसिद्ध करते. त्यांत मार्शल बेटे पांढऱ्या यादीत, तर कोमोरोस काळ्या यादीत राहिलेला आहे. जुलै २०२४ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ ‘प्रेस्टिज फाल्कन’ हे तेलवाहू जहाज उलटले, ते कोमोरोसच्याच ध्वजाचे होते. त्यावरील १६ जणांपैकी १३ भारतीय होते. भारतीय नौदलाच्या ‘तेग’ या नौकेने शोधकार्यात भाग घेतला. नऊ जण वाचले, त्यांत आठ भारतीय होते. मदतीला धावलेली नौका ध्वजाच्या देशाची नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्या किनाऱ्यानेही याचा अनुभव घेतला आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ पनामाच्या ध्वजाचे ‘एमएससी चित्रा’ व सेंट किट्स-नेव्हिसच्या ध्वजाचे ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात सांडले, कंटेनर वाहून गेले आणि मासळीबाजारात गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. सेंट किट्स-नेव्हिसचे क्षेत्रफळ २६१ चौरस किलोमीटर आहे; असे पन्नास देश एकट्या बेळगाव जिल्ह्यात सहज मावतील.

खलाशांच्या दृष्टीने सर्वांत बिकट प्रसंग म्हणजे मालकाने जहाज वाऱ्यावर सोडून देणे. पगार थांबतो, अन्नपाणी संपत येते, आणि परक्या बंदरात दाद मागावी तर मालक एका देशात व ध्वज दुसऱ्या देशाचा. यावर उपाय म्हणून सागरी कामगार करारात सुधारणा झाली व ती १८ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. करारातील देशांच्या जहाजमालकाने खलाशांना घरी पाठविण्याच्या खर्चासाठी आणि थकलेल्या चार महिन्यांपर्यंतच्या पगारासाठी विमा अथवा तत्सम हमी ठेवणे बंधनकारक आहे. दोन महिने पगार न मिळाल्यास खलाशास सोडून दिले, असे मानता येते. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला.

भारतात खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेस मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. परवानाधारक संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. तेव्हा लाखभर रुपये मागणारा दलाल गावातला असो वा मुंबईचा, त्याच्याकडे प्रथम परवाना मागावा. करारावर सही करण्यापूर्वी जहाजाचे नाव, त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक व ध्वज यांची नोंद करून एक प्रत घरी ठेवावी. जहाजाचे नाव आणि ध्वज रातोरात बदलू शकतात, परंतु सात आकडी आंतरराष्ट्रीय क्रमांक जहाज मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. विम्याच्या हमीचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावलेले असावे लागते. जहाजावर पाऊल ठेवताच त्याचे छायाचित्र घेऊन घरी पाठवावे.