शाखा बदलायची की निभवायची?

मुलगा किंवा मुलगी एमबीबीएस झाली, त्यावर एमडी किंवा एमएसला प्रवेश मिळाला, की घरच्यांना वाटतं, गंगेत घोडं न्हालं. आता तीन वर्षं गेली की पाटी लागणार! पण याच तीन वर्षांत अनेक घरांत एक अवघड प्रसंग येतो. परळच्या किंवा सायनच्या होस्टेलमधून पंधरा दिवसांनी विरार लोकल पकडून घरी आलेला मुलगा जेवताना सांगतो, "मला ही शाखा नको." वडील दंडाचा आकडा विचारतात, आईला नातेवाइकांना काय सांगायचं याची काळजी पडते. वसईत वैद्यकीय व्यवसाय करत असल्यामुळे अशी कुटुंबं सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. त्यांना मी जे सांगतो तेच इथे थोडं सविस्तर मांडतो.

मुळात नावडती शाखा वाट्याला येते कशी? एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक वर्ष, एवढ्या काळात विद्यार्थी सगळ्या विषयांना स्पर्श करतो, पण मुक्काम फारच थोड्यांत करतो. इंटर्नशिपमध्ये भूलशास्त्राला दोन आठवडे मिळतात, मनोविकारशास्त्रालाही दोनच. त्यानंतर नीट-पीजी परीक्षा आणि गुणवत्ता यादी. रेडिओलॉजी, त्वचारोग, मेडिसिन यांच्या जागा वरचे क्रमांक घेऊन जातात. खालच्यांनी उरलेल्यांतून निवडायचं, तेही ठरलेल्या मुदतीत. एखाद्याला बालरोगतज्ज्ञ व्हायचं असतं आणि हाती भूलशास्त्र येतं. "वर्ष वाया घालवण्यापेक्षा हे बरं," असं म्हणून तो सही करतो. तेव्हा पुढे त्याला अस्वस्थ वाटलं, तर त्याला नखरे म्हणून उडवून लावू नये.

आता नियमांकडे वळू. प्रवेशफेऱ्या चालू असताना वरची पसंती मिळवण्याची सोय असते. पण प्रवेश एकदा पक्का झाला, की आपल्याकडे एका शाखेतून दुसऱ्या शाखेत बदली मिळत नाही. मार्ग एकच, जागा सोडायची, नीट-पीजी पुन्हा द्यायची आणि नव्या शाखेत पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची. जागा सोडणाऱ्यावर अनेक राज्यांनी लाखांच्या घरातला दंड ठेवला. त्यामागे कारण होतं. सोडलेली जागा रिकामी राहते आणि त्या विभागातल्या इतरांच्या डोक्यावर एका माणसाचं काम वाढतं. पण दंडाच्या धाकाने अडकून पडलेल्या विद्यार्थ्यांवरचा मानसिक ताण पाहून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जानेवारी २०२४मध्ये राज्यांना हा दंड रद्द करण्याची सूचना केली. त्याऐवजी जागा सोडणाऱ्याला त्या राज्यात एक वर्ष प्रवेश देऊ नये, असा पर्याय सुचवला. डीएनबीची गोष्ट निराळी आहे. ती सोडणाऱ्याला मूळ अभ्यासक्रमाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या डीएनबीला जाता येत नाही. नियम राज्यागणिक आणि वर्षागणिक वेगळे असतात. म्हणून कुणा सीनियरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नये. स्वतः सही केलेलं बंधपत्र आणि त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी.

इतर देशांत काय होतं? ब्रिटनमध्ये २००५पासून नव्या डॉक्टरला आधी दोन वर्षांचा पायाभूत कार्यक्रम करावा लागतो. त्यात साधारणपणे चार-चार महिन्यांच्या सहा नेमणुका असतात. शाखेची निवड त्यानंतर होते. अमेरिकेत दुसऱ्या रुग्णालयात जागा रिकामी असेल तर रेसिडेन्सी बदलता येते. पण तिथेही पैशाची मेख आहेच. सरकारी मेडिकेअर योजना रुग्णालयाला पूर्ण अनुदान देते ते पहिल्या निवडलेल्या शाखेच्या मुदतीपुरतं. त्यानंतरच्या वर्षांना तो डॉक्टर अर्धाच धरला जातो. सारांश, शाखा बदलणं कुठेच फुकट नाही.

म्हणून निर्णयाआधी निदान करावं. "मला ही शाखा नको" हे लक्षण आहे. त्यामागचे आजार तीन असू शकतात. पहिला, पहिल्या वर्षाची दमछाक. निवासी डॉक्टरला सलग बारा तासांहून जास्त काम सहसा देऊ नये, असं केंद्र सरकारने १९९२मध्येच म्हटलं होतं. आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२४मध्ये आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांची मर्यादा सुचवली. हे वेगळं सुचवावं लागलं, यातच सगळं आलं. झोप नसलेल्या माणसाला कोणतीही शाखा नकोशी वाटते. दुसरा आजार म्हणजे युनिट. अपमान करणारे सीनियर, शिकवायला वेळ नसलेले शिक्षक. इथे दुखणं माणसांचं असतं आणि खापर विषयावर फुटतं. अशा वेळी विभागप्रमुखांशी, अधिष्ठात्यांशी किंवा निवासी डॉक्टरांच्या संघटनेशी बोलावं. शाखा बदलून उपयोग नाही, कारण तसं युनिट नव्या शाखेतही भेटू शकतं. तिसरा आजार खरोखरच शाखेचा. तो असेल तरच शाखा बदलण्याचा विचार करावा.

मात्र या सगळ्याआधी एक गोष्ट पाहायची. झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, कशातच रस नाही, जगणं नकोसं झालं आहे, असं असेल तर शाखेचा निर्णय बाजूला ठेवून आधी उपचार घ्यावेत. डॉक्टरच यात सर्वांत मागे राहतात. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्यासाठीही आहे. नैराश्यात घेतलेला निर्णय बहुधा पळून जाण्याचा असतो, कुठे जायचं ते त्यात ठरलेलं नसतं.

शाखेचाच प्रश्न आहे हे ओळखायचं कसं? मी तीन प्रश्न विचारतो. परीक्षा नसताना तू कोणत्या विषयाचं आपणहून वाचतोस? तुझ्या विभागातल्या तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा आणि लेक्चररचा दिवस तुला हवासा वाटतो का? आणि या शाखेचा डॉक्टर बाहेर कसा जगतो, ते तू पाहिलं आहेस का? इथे वसई, नालासोपारा, विरारच्या छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ एका शस्त्रक्रियेवरून दुसरीकडे धावत असतो. रुग्ण त्याचं नाव विसरतो, पण त्याच्या हाती जीव सोपवलेला असतो. कुणाला हे आयुष्य आवडतं, कुणाला ओपीडीत रुग्णाशी वर्षानुवर्षं जुळणारं नातं हवं असतं. असा एखादा दिवस सोबत राहून पाहावा. नव्या शाखेचाही पाहावा, कारण दुरून डोंगर साजरे!

तिन्ही उत्तरं नकारार्थी आली, तर वेळ दवडू नये. पहिल्या सहा महिन्यांत बदलल्यास साधारण वर्ष जातं. तिसऱ्या वर्षी सोडणं मात्र सहसा शहाणपणाचं नसतं. तेव्हा पदवी घेऊन मग वळण घ्यावं. भूलशास्त्राच्या एमडीला पुढे अतिदक्षतेत डीएम करता येतं, जनरल सर्जनला प्लास्टिक सर्जरी किंवा मूत्ररोग शस्त्रक्रियेत एमसीएच.

शिवाय, पदवीवरचा विषय म्हणजे आयुष्याचं काम असंही नाही. डॉ. अभय बंग मेडिसिनचे एमडी. पण गडचिरोलीत त्यांनी उभं केलेलं मोठं काम नवजात बाळांचं. घरोघरच्या नवजात बालसेवेवरचा त्यांचा शोधनिबंध १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. डॉ. प्रकाश आमटे यांनी शस्त्रक्रियेतलं पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडलं आणि १९७३मध्ये सुरू झालेल्या हेमलकशाच्या प्रकल्पात ते सर्व आजारांचे डॉक्टर झाले. दोघांनाही आपण कुठे जातो आहोत हे ठाऊक होतं, हे विसरू नये.

पालकांना माझं एवढंच सांगणं आहे. सव्विसाव्या वर्षी गेलेलं एक वर्ष मोठं वाटतं, पण पुढे पस्तीस-चाळीस वर्षं व्यवसाय करायचा असतो. मन नसलेला डॉक्टर स्वतः झिजतो आणि त्याची झळ रुग्णालाही लागते. म्हणून मुलाने विषय काढला, तर दंडाच्या आकड्याआधी त्याला विचारा, "तुला नेमकं काय नको आहे?" हे उत्तर नीट मिळालं, की बदलायचं की निभवायचं ते त्याचं तोच ठरवील.