खोलीतला माणूस

अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात जॉन सर्ल नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९८० साली त्यांनी एक निबंध लिहिला आणि यंत्राला मन असल्याची ग्वाही देणाऱ्या पंडितांची झोप उडवली. दिवाळीच्या सुट्टीत मुरुडला आमच्या ओटीवर मी त्यातली गोष्ट सांगितली, तीच इथे सांगतो.

बंद खोलीत एक माणूस आहे. चिनी भाषेचे त्याला अक्षर ठाऊक नाही. फटीतून चिनी प्रश्नांच्या चिठ्ठ्या आत येतात. त्याच्यापाशी नियमांचे जाडजूड बाड : अमुक आकृती आली की तमुक आकृती काढावी. तो तशी काढून चिठ्ठी बाहेर सारतो. बाहेरचे चिनी गृहस्थ खूष! आतल्याला मात्र प्रश्न लग्नाचा होता की मर्तिकाचा, याचा पत्ता नाही. सर्ल म्हणत, संगणकाचे नेमके असेच.

टीकाकार म्हणाले, एकट्या माणसाला नसेल कळत. माणूस, बाड नि खोली मिळून सगळ्याला कळते. सर्लांचे उत्तर असे, की मग बाड त्याला तोंडपाठ करू द्या आणि खोलीबाहेर आणा. चिनी तरी कुठे समजले? यावर आमच्या काकू हसल्या. अर्थ न जाणता वेद घोकणाऱ्याला भारवाही खांब म्हणणारे यास्काचार्य त्यांच्या चांगले परिचयाचे!

भाची मात्र हसली नाही. १९५० साली ट्यूरिंगने यंत्राला त्याच्या उत्तरांवरून जोखावे असे सुचवले होते, ती बाजू तिने घेतली. "मामा, आपल्या गावच्या धोंडो केशव कर्व्यांचे काय झाले?" कर्वे शंभरावर मैल चालत साताऱ्याला परीक्षेला गेले. वय सतरा, पण मूर्ती लहान. दिसण्यावरून वय कमी ठरवून त्यांना परत धाडले. पुढे तेच फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले! "यंत्रालाही आपण रूपावरूनच नापास करतोय."

मुद्दा बिनतोड वाटला, तरी मला पटला नाही. सर्ल यंत्राचे रूप पाहत नव्हते. शब्दामागे अर्थ आहे का, एवढेच विचारत होते.

माझा पेच घरगुती आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, तेव्हापासून रसग्रहणाच्या वह्या फार गुळगुळीत येतात. (पूर्वी गाईडे होती, त्यांत निदान चुका तरी सापडत.) आता मी एकेकाला समोर बसवून विचारतो, "यातली कुठली ओळ तुला खटकली?" परवा एकजण बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, कविता वाचून सांगतो."

त्याला आठवड्याची मुदत दिली आहे.