भाळी लिहिणाऱ्या देवता

गोदावरीच्या काठी बासर येथे ज्ञानसरस्वतीचे प्रसिद्ध मंदिर आहे. पूर्वी हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील मराठी कुटुंबे मुलांना अक्षरारंभासाठी येथे आणतात. परंतु ज्या बालकाचा हात धरून येथे पहिले अक्षर गिरविले जाते, त्याच्या कपाळी एक लेख जन्मानंतर लगेचच लिहून झालेला असतो, अशी मराठी घरांतील जुनी समजूत आहे. तो लेख लिहिणारी देवता म्हणजे सटवाई.

'षष्ठी' या संस्कृत नावावरून 'सटवी' हा शब्द आला. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री पाट्या-वरवंट्यावर तिची पूजा मांडतात. जवळ कोरा कागद व लेखणी ठेवतात, दिवा विझू देत नाहीत आणि घरातील बायका जागरण करतात. तान्हे मूल झोपेत हसले, तर सटवाई त्याला हसवीत आहे, असे म्हणतात. मुलाचे नाव सटवाजी ठेवण्याची रीतही होती.

अशीच कल्पना दूर उत्तर युरोपातही आढळते. तेथील भाग्यदेवतांना 'नॉर्न' म्हणत. उर्द, वेर्दान्दी आणि स्कुल्द या त्यांतील तिघी प्रमुख. विश्ववृक्षाच्या मुळाशी असलेल्या विहिरीचे पाणी त्या रोज वृक्षावर शिंपडतात. प्रत्येक बालकाच्या जन्मसमयी नॉर्न येऊन त्याचे आयुष्य ठरवितात, असे आइसलंडचा ग्रंथकार स्नोरी स्टुर्लुसोन याने तेराव्या शतकात नमूद केले आहे. ग्रीकांच्या तिघी भाग्यदेवता आयुष्याचा धागा कातीत, मापीत व तोडीत.

नियतीला माणसाने बाळंतिणीच्या खोलीतच का पाहिले? कारण आयुष्याचा सर्वांत मोठा धोका तेथेच होता. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली, की धनुर्वाताचे जंतू बालकाच्या शरीरात शिरत. या रोगाची लक्षणे बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसू लागतात. पाचव्या-सहाव्या रात्रीचे जागरण नेमके याच दिवसांत येते. सटवाईच्या पूजेचे हेच एक कारण, असे म्हणता येणार नाही. पण दिव्याभोवती जागणाऱ्या बायकांची धास्ती खरी होती, एवढे निश्चित.

पुढे गर्भवतींना लस मिळू लागली, निर्जंतुक साधनांनी बाळंतपणे होऊ लागली, आणि २०१५ साली भारतातून नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. निर्मूलन याचा अर्थ, प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहूनही कमी रुग्ण. म्हणजे रोगाचे जंतू नाहीसे झालेले नाहीत. लस व स्वच्छता यांत खंड पडता कामा नये.

सटवाईने लिहिलेले कोणालाच वाचता येत नाही, असे लोक मानतात. बासरला गिरविलेले अक्षर मात्र मुलाला पुढे वाचता येते. आई शिकलेली असली, की तिची मुले जगण्याचा संभव वाढतो, हे अनेक देशांत दिसून आले आहे. पाचवीची पूजा आजही अनेक घरांत होते. तिच्या आधी आईची लस झालेली असली, म्हणजे त्या रात्रीचा दिवा भयाने नव्हे, आनंदाने लावता येतो.