पाटी म्हणते, ‘हे ते घर नव्हे!’

‘वुदरिंग हाइट्स’ वाचलंय? बीएला इंग्लिश लिटरेचर घेतलं असेल, तर नाव तरी नक्की ऐकलं असेल. नसेल, तर आजीला विचारा. दिलीपकुमारचा ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६) याच कादंबरीवर बेतलेला होता.

आता मोबाइल काढा आणि मॅपवर ‘टॉप विदन्स’ शोधा. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा उजाड माळ आणि त्यावर एक छप्पर उडालेलं दगडी घर. हेच ते कादंबरीतलं घर, असं मानून जगभरातून लोक हॉवर्थ गावातून इथे चालत येतात. वाटेवरच्या पाट्यांवर चक्क जपानी अक्षरंही आहेत. एवढी पायपीट केल्यावर भिंतीवरची पाटी काय सांगते? हे घर धड होतं तेव्हाही कादंबरीतल्या घरासारखं नव्हतं. माळावरची ही जागा तेवढी एमिली ब्राँटेच्या मनात असू शकेल. ब्राँटे सोसायटीनेच १९६४मध्ये ही पाटी लावली. झाला ना पोपट?

पण सेल्फी काढून लगेच मागे फिरू नका. हीथक्लिफ इथे राहिला नसेल, पण खरी माणसं राहिली होती.

हे सोळाव्या शतकात बांधलेलं शेतकऱ्याचं घर. उंची साधारण ४२० मीटर. आपल्याला ती किरकोळ वाटेल. पण तिथल्या थंडी-वाऱ्यात आणि पावसात धान्य पिकवणं म्हणजे जुगारच. मग ही माणसं जगली कशी? उत्तर घराभोवती आहे, फक्त बघायची सवय हवी.

अशा माळावर तपकिरी झुडपांमध्ये मध्येच हिरवे चौकोन दिसतात. ते आपोआप उगवलेले नाहीत. आंबट जमिनीत वर्षानुवर्षं चुना आणि शेणखत घालून माणसांनी कुरणं केली. दगडावर दगड रचून, चुना-माती न वापरता त्यांना बांध घातले. शिवाय या भागातली बरीच कुटुंबं शेतीच्या जोडीला घरातच लोकरीचं कापड विणायची. पुढे खाली दरीत गिरण्या आल्या आणि हातमागाचा तो आधार गेला.

मे १८९३मध्ये टॉप विदन्सवर वीज पडली. भिंतींना भोकं पडली, छपराचा काही भाग उडाला, स्वयंपाकघरातल्या सुरीचं पातं वितळलं. त्यानंतरही १९२०च्या दशकात एक जण इथे कोंबड्या पाळून राहत होता. तो गेला आणि घर कायमचं रिकामं झालं. शेजारी मिडल आणि लोअर विदन्स अशी आणखी दोन शेतघरं होती. त्यांचा आता जेमतेम मागमूस उरलाय. टॉप विदन्सच्या भिंती मात्र पडू नयेत म्हणून पक्क्या केल्या गेल्या. का? तर त्याला एका कादंबरीचं नाव चिकटलं होतं!

मला हीच गोष्ट खटकते. जिथे कुणी हीरो-हिरॉइन राहिलेले नसतात, त्या घराचं काय? पुढच्या सुट्टीत गावी गेलात, की एखाद्या पडक्या घरापाशी दहा मिनिटं थांबा. चूल कुठे होती, गुरं कुठे बांधायचे, पाणी कुठून आणायचे, ते शोधा. फोटो काढा आणि घरातल्या मोठ्यांना दाखवा. त्या घराला पाटी नाही, आणि त्याची गोष्ट सांगणारी माणसं कायम असणार नाहीत.