कृश देहातील मेद

मधुमेह केवळ स्थूलांनाच होतो, ही समजूत अद्याप दूर झालेली नाही. परंतु पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा वजन-उंचीचा निर्देशांक समसमान, 22.3, असूनही याज्ञिकांच्या देहात मेद 21.2 टक्के, तर युडकिन यांच्या देहात अवघा 9.1 टक्के निघाला, हे त्यांनीच 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सचित्र नमूद केले. युडकिन मॅरेथॉन धावत; याज्ञिकांची धाव, त्यांच्याच मिस्कील कबुलीनुसार, लिफ्टपुरती! तथापि सारा दोष आळसाच्या खाती मांडणे अन्यायाचे ठरेल. कारण पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांचे सरासरी वजन इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांहून बरेच कमी असूनही, तूट मुख्यतः स्नायूंत होती, त्वचेखालच्या मेदात तितकीशी नव्हती. तेव्हा मधुमेहाचा धोका जोखताना केवळ वजनकाट्यावर न विसंबता कंबरही मोजावी: पुरुषांनी 90, स्त्रियांनी 80 सेंटिमीटरची मर्यादा पाळावी.