इंजिन बदलले, पुढे काय?



कामगार संघटनेच्या कामासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर आम्ही पुष्कळ वर्षे काळ्यापिवळ्या जीपगाड्यांतून हिंडलो. त्यांतील एका जीपचे पेट्रोलचे इंजिन उतरवून मालकाने डिझेलचे बसविले होते. तेलाचा खर्च वाचला, हे खरे. परंतु नवे इंजिन जड, आणि स्प्रिंगा व ब्रेक जुनेच. सिंदेवाहीकडील जंगलात एका उतारावर ब्रेक लागेना, आणि गाडी शेजारच्या धानाच्या बांधीत जाऊन थांबली. कोणाच्या जिवावर बेतले नाही. ड्रायव्हरची नोकरी मात्र त्याच संध्याकाळी गेली. त्याला परत कामावर घ्यावयास लावण्यात आमचे तीन महिने गेले. इंजिन बदलण्याचा निर्णय एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असे का व्हावे? हाच प्रश्न आज एका लहानशा स्पोर्ट्‌स मोटारीच्या हकिकतीवरून आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

जर्मनीतील नेकार्सउल्म या गावी एन. एस. यू. नावाचा कारखाना होता. तेथे ‘स्पोर्ट प्रिन्झ’ ही छोटी मोटार तयार होई. तिच्या मागील बाजूस दोन सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन असे. १९६४ पासून कारखान्याने याच गाडीच्या उघड्या टपाच्या रूपात, म्हणजे ‘स्पायडर’मध्ये, अगदी निराळ्या जातीचे इंजिन बसवून ती विक्रीस काढली. असे इंजिन असलेली, लोकांना विकली गेलेली ती जगातील पहिली मोटार.

या इंजिनाची मूळ कल्पना फेलिक्स वांकेल यांची. ते विद्यापीठात शिकले नव्हते. मोटार चालविण्याचा परवानाही त्यांच्यापाशी कधी नव्हता. आमच्यासारख्या शाळा अर्धवट सुटलेल्यांना याचे कौतुक वाटते. परंतु तरुणपणी ते हिटलरच्या पक्षात होते, हेही सांगितलेच पाहिजे. बुद्धी आणि विवेक एकाच घरी नांदतात असे नाही.

आता हे इंजिन चालते कसे ते पाहू. आपल्या भातगिरणीतील ऑइल इंजिनात दट्ट्या मुसळासारखा खाली-वर होतो. दर खेपेस तो थांबतो, उलटा फिरतो, म्हणून हादरे बसतात. वांकेलच्या इंजिनाची रीत जात्याची. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखी, मध्ये किंचित दबलेली एक पोकळी असते. तिच्यात फुगीर बाजूंचा तिकोनी गोळा फिरतो. त्याचे तिन्ही कोपरे सतत भिंतीला टेकलेले असतात, त्यामुळे तीन कप्पे पडतात. गोळा फिरेल तसा प्रत्येक कप्पा लहान-मोठा होतो; वायू आत घेणे, दाबणे, पेटविणे आणि बाहेर टाकणे ही चारही कामे फिरता फिरताच उरकतात. म्हणून केवळ ४९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून ५० अश्वशक्ती मिळाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कारखान्याने नुसते इंजिन बदलले नाही. नवे इंजिन पाण्याने थंड होणारे, म्हणून गाडीच्या पुढे रेडिएटर बसविला. वेग वाढला, म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. आमच्या जीपच्या मालकाने जे केले नाही ते त्यांनी केले.

मग चुकले कोठे? गोळ्याच्या तीन कोपऱ्यांवर वायू अडविणाऱ्या बारीक पट्ट्या असतात. त्या झिजत. हा दोष पुरता निघण्यापूर्वीच १९६७ साली कारखान्याने दोन गोळ्यांचे इंजिन घालून ‘आर. ओ. ८०’ ही मोठी मोटार बाजारात आणली. तक्रारींचा पाऊस पडला. हमीपोटी इंजिने बदलून देता देता कारखाना खचला. कित्येक मालकांनी तर ते नवलाईचे इंजिन काढून फोर्डचे साधे, दट्ट्याचे इंजिन बसवून घेतले! १९६९ मध्ये एन. एस. यू. फोक्सवागेनच्या पंखाखाली गेली. पुढे मोटारधंद्यात मंदी आली, आणि नेकार्सउल्मचा कारखानाच बंद करण्याची भाषा सुरू झाली.

पट्ट्या काही कामगारांनी ठरविल्या नव्हत्या. पण घरी बसण्याची पाळी त्यांच्यावर येऊ पाहत होती. १९७५ च्या एप्रिलमध्ये हजारो कामगार नेकार्सउल्महून हाइलब्रॉन शहरापर्यंत पायी चालत गेले. कारखाना वाचला. तेथे ‘पोर्श ९२४’ या स्पोर्ट्‌स मोटारीचे काम आले, आणि तो आजही चालू आहे.

आम्ही नव्या यंत्राचे वैरी नव्हे. जपानच्या माझदा कारखान्याने याच पट्ट्यांवर चिकाटीने काम केले आणि याच जातीच्या इंजिनावर १९९१ साली ल मान्सची शर्यत जिंकली. आज आपल्याकडेही जुन्या गाड्यांत विजेची मोटर बसविण्याचे संच मिळू लागले आहेत. कायद्याने ते मान्यताप्राप्त असावे लागतात आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. ही अट आडकाठी नव्हे, ते चालविणाऱ्याचे संरक्षण आहे. उद्या आपल्या गावातील कोणी गाडीचे इंजिन बदलले, तर किती खर्च वाचला हे अवश्य विचारा. पण त्याआधी ब्रेक कोणी तपासले आणि बिघाड झाला तर भरपाई कोण करणार, हे विचारा. सिंदेवाहीच्या त्या उतारावर हे विचारणारे कोणी नव्हते.